अकोल्याची पांढरी

महादेवराव मेथीच्या जुड्या उलट्या करून देठं बघत होते, आणि देठांकडेच बघत ते मला म्हणाले, "अनुपनं यंदाही अकोलाच मांगतलं ना व बाई. मले वाटलं, आता तरी घरी येईन." अमरावतीच्या राजापेठेतली संध्याकाळ, क्लास सुटलेली पोरंपोरी गाड्या काढत होती, सगळीकडून हॉर्न. मी हातातले टमाटे परत टोपलीत ठेवले. "मांगतलं म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे मांगतलं," महादेवराव म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या, अनुपच्या, अकोल्याच्या कचेरीत ते वरच्या जागेवर होते, आता निवृत्त होऊन आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात, आणि खोटं बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं. "अमरावतीची जागा खालीच होती. मी असतानी त्याले कितीदा म्हटलं, बाबू, बायको तिथं, बाप तिथं, तू काहून इथं पडून राह्यला? लिहून दे, मी वर बोलतो. तं हासला. म्हणे राहू द्या साहेब, मी इथंच बरा हाय." मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं असावं. त्यांनी मेथी खाली ठेवली आणि कोथिंबीर कशी दिली म्हणून गाडीवाल्याला विचारायला लागले. मी येते म्हणाले आणि निघाले. भाजी घ्यायची राहिलीच.

मी चिडले नाही, आधी लाजले. माझ्या घरातली गोष्ट मेथी घ्यायला आलेल्या माणसाला ठाऊक होती आणि मला नव्हती. कान गरम झाले होते. रस्ता रोजचाच, पण पाऊल कुठे टाकायचं ते कळेना. लग्नानंतरची सगळी वर्षं मी ज्याला त्याला एकच सांगत आले होते, बदलीचं चाललंय. घरमालकाला सांगितलं, बहिणीला सांगितलं, क्लासच्या सरांना सांगितलं. दर उन्हाळ्यात बदल्यांची वेळ आली की अनुपचा फोन यायचा, "नायी जमलं बा यंदा. वरून अडवलं." मग मी त्याची समजूत घालायची. हो, मी त्याची. जाऊ दे, पुढच्या वर्षी होईल, जिवाला लावून घेऊ नको. शनिवारी तो एक पिशवी घेऊन यायचा तेव्हा मी मुद्दाम पाटवड्यांचा रस्सा करायची, कारण बिचारा आठवडाभर खाणावळीचं खातो. त्याच्या चपला उंबऱ्यापाशी सरळ लावून ठेवायची, सोमवारी पहाटे निघायला सोपं जावं म्हणून. वरून अडवणारे म्हणून मी ज्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्यांत हे महादेवरावही होते. खरं तर गाडीपाशीच त्यांची माफी मागायला हवी होती.

त्यानंतर माझी बॅच होती. राजापेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो, तिथे मी इतिहास शिकवते. त्या दिवशी धडा होता भटक्या जीवनाकडून स्थिर जीवनाकडे. मी तो मुद्दाम काढला नव्हता, वेळापत्रकातच होता. मुलं वाकून उतरवून घेत होती, शिकार, कंदमुळं, मग बी पेरणं, जनावरं पाळणं, मग घर. माझा आवाज चालू होता आणि तो बरा चालला होता, इतक्या वर्षांत त्याला माझी गरज उरलेली नाही. "अशा रीतीनं मानव स्थिर झाला," मी म्हणाले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या रागिणीनं हात वर केला. शेंदूरजनाघाटची पोरगी, घरी संत्र्याचा बगीचा, तिला भलतेच प्रश्न पडतात. "मॅडम, सगळेच एकदम थांबले का? का आंधी कोनी एक जन थांबला?" वर्ग हसला. परीक्षेत हे विचारत नाहीत, असं सांगून मी पुढे गेले. पण मी पुढे गेलेच नव्हते. पुस्तकं मानव म्हणतात, जणू तो एकटाच होता आणि एका सकाळी उठून स्वतःशी म्हणाला, चला, आता बसू या. असं कुठे होतं? जाणारे जातच राहिले असणार, थंडीत डोंगराकडे, उन्हाळ्यात नदीकडे. कुणीतरी विस्तवापाशी बसलं, कारण पेरलेलं पाखरं खातील, कारण म्हाताऱ्याला चालवत नाही, कारण पोर तापलं आहे. जाणाऱ्यांनी सांगितलं असेल, तू थोडे दिवस थांब, आम्ही आलोच. आणि थांबणाऱ्यानं ते खरं मानलं. मला तर वाटतं ती थांबणारी असणार. पुढची घरं, रांजण, गोठे, गावं, वेशी, राजे आणि त्यांच्यावर माझे हे टिपणं काढून देणारे तास, सगळं त्या एका खरं मानण्यावर उभं आहे. मी खडू ठेवला आणि पोरांना लवकर सोडलं.

थांबायच्या आधी मी चालत होते. नागपूरला पुरातत्त्वात एम.ए. केलं आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाहणीच्या कामावर लागले. पाहणी म्हणजे चालणं, दुसरं काही नाही. आपल्या वऱ्हाडाची जमीन काळीभोर. त्या काळ्या ढेकळांतून चालता चालता मध्येच माती पांढुरकी लागते, मऊ, राखाडी, बोटांत धरली तर पिठासारखी. तिथे थांबायचं. माणसं जिथे वर्षानुवर्षं राहतात तिथे चुलीची राख, शेण, हाडकं, पडलेल्या भिंती मिसळून मातीचा रंगच बदलतो. खेड्यात अजून म्हणतात, काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गाव. रात्रीपुरता मुक्काम केलेल्याची पांढरी होत नाही. चार दगडांची चूल मांडून जो पुढे निघाला त्याचं काही उरत नाही, त्याची राख वारा नेतो. मला ती माती डोळ्यांआधी तळव्यांना कळायची. आमच्यातली पौर्णिमा म्हणायची, हिचे पायच शिकलेले आहेत. आम्ही दोघी एका तंबूत राहायचो, अंगाला धुळीचा आणि घामाचा वास, संध्याकाळी बादलीभर पाण्यात दोघींची अंघोळ, आणि मला घर आठवत नसे. मला सरळ सांगायला हरकत नाही, मी तितकी सुखी त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. अनुपशी तेव्हाच लग्न झालं, कॉलेजातली ओळख. मग माझ्या सासूबाई, इंदूबाई, अचानक गेल्या. सासरे एकटे पडले. अनुप नुकताच अकोल्याला रुजू झाला होता. तो म्हणाला, "तू थोडे दिवस बाबाजवळ थांब. मायी बदली झाली का तू मोकळी." आपल्याच महाराष्ट्रात, तांब्या-दगडाच्या काळातल्या वस्त्यांमध्ये, मोठ्या माणसांना पुरताना घोट्यांपासून पाय तोडून पुरलेले सापडले आहेत. मेलेल्यानं उठून निघून जाऊ नये, घराजवळच राहावं, म्हणून तसं करत असावेत असं म्हणतात. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा ते शहारतात. मला त्यात एक बरं वाटतं, की ते मेल्यावर तोडत.

आणि आता, बाजारातल्या त्या संध्याकाळच्या आधीच, पौर्णिमाचा फोन आलेला होता. पूर्णेच्या खोऱ्यात नवी पाहणी सुरू होतेय, जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत, तिच्याच हाताखाली. "तू ये, ज्योत्स्ना," ती म्हणाली, "यानंतर असं काम परत निघेल का मला माहीत नाही, आणि आपल्या गुडघ्यांचंही माहीत नाही. या आठवड्यात सांग." मी मनाशी नाही ठरवून टाकलं होतं. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, एकटं कसं सोडणार, आणि येत्या उन्हाळ्यात तर बदली नक्कीच होती, मग मी मोकळीच. नाही म्हणायला फोन करायचा तेवढा राहिला होता.

बुधवारी मी अकोल्याला निघाले. मामाजींना म्हणाले क्लासचं काम आहे. मामाजी जिन्याखालच्या ओट्यावर उन्हात बसले होते, कानटोपी घालून. डोमाजी हे त्यांचं नाव, रेल्वेत गँगमन होते, बडनेऱ्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ त्यांनी आयुष्यभर ठोकून सरळ ठेवले. "अनुपले सांगतलं का तू येतं म्हणून?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "फोन करून जाय ना व. उगाच त्याची धांदल होईन." मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेली तशी दोन्हीकडे वेचणी झालेल्या कापसाच्या पराट्या आणि उभी तूर. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका रिकाम्या शेतात काठेवाडी मेंढपाळ उतरले होते, मेंढ्या, उंट, उंटांवर उलट्या बांधलेल्या बाजा. दर वर्षी हे लोक त्याच वाटेनं येतात, शेतात मेंढ्या बसवतात, शेताला खत होतं, शेतकरी त्यांना धान्य देतो, आणि ठरल्या दिवशी ते उठतात. पुस्तकात मी यांना भटके म्हणून शिकवते. पण जाणार आहोत हे ते आधी सांगतात आणि जातात, येणार आहोत हे सांगतात आणि येतात. गाडीच्या काचेला डोकं टेकून मी स्वतःला समजावत होते की महादेवरावांचं वय झालंय, त्यांच्या डोक्यात कुणाचं तरी कुणाला झालं असेल. अनुपची खोली मी एकदाच पाहिली होती, अगदी सुरुवातीला. लोखंडी पलंग, भिंतीला एक खिळा, खिळ्याला पिशवी. त्यानंतर तोच यायचा. तू कशाला त्रास घेतं, इथं बसायलेही जागा नाही, असं म्हणायचा. दुसरी बाई असेल का, हेही मी मनात म्हणून पाहिलं. वाक्य मनात म्हणून झालं आणि दुखलं नाही, म्हणजे ते नसावं.

खोली अकोल्याच्या टोकाला, मोर्णेच्या बाजूला, फुलांच्या मळ्यात आहे. मळा गोवर्धन नावाच्या माळ्याचा, त्याच्याच घरामागे अनुपची खोली आणि तिच्यापुढे अंगण. रिक्षातून उतरून मी शेवंतीच्या वाफ्यांमधून गेले, मळ्याची माती काळी, ओली, चपलेला चिकटत होती. मग अंगणाच्या कोपऱ्यात पाऊल पडलं आणि मी थांबले. चप्पल काढली. माती मऊ होती, पांढुरकी. अंगण दोन्हीकडे काळ्या मातीत शिरलेलं आणि मध्ये हा मोठा पांढरा पट्टा, पाणी तापवायच्या चुलीपासून कुंपणापर्यंत. रोजची राख तिथेच टाकलेली, तिच्यावर पाणी, तिच्यावर पाय, पुन्हा राख. मी खाली बसून चिमूटभर बोटांत घेतली. ही एका हिवाळ्याची नव्हती. पुढे लिंबाचं झाड होतं, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, फळांनी भरलेलं, आळं नीट बांधलेलं. लिंबाला फळ धरायला किती वर्षं लागतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दाराशी पाटा-वरवंटा, झिजून मध्ये खोलगट झालेला, आणि पाण्याचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. वर्गात मी दर वर्षी सांगते, चालणारा माणूस जड वस्तू ठेवत नाही, जिथे रांजण पुरलेला सापडेल तिथे लिहा, वस्ती कायमची. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं, लिंबाच्या झाडाशी कसं भांडायचं?

गोवर्धनची बायको शकुन फुलं निवडत होती, ती उठून आली. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला. "वयनी, तुमी? बसा, बसा. भाऊ येतीनच आता, दुपारी जेवाले घरीच येतेत." तिनं बाज टाकली, पाणी आणलं. घरीच, असं ती म्हणाली होती. "भाऊ तं आमच्या घरचेच झाले. हे लिंबू त्याहिनंच लावलं. तुमच्यासाठी मी कितीदा म्हनलं, भाऊ, आना ना वयनीले चार दिवस. तं म्हनतेत, ते नायी येत, तिले तिचं घर सुटत नायी. तिले अमरावतीच्या भायेर करमतच नायी." तिनं हे मायेनंच सांगितलं. वर म्हणाली, "असा घराचा लळा लागते ना एखाद्या बाईले." मी पाणी प्यायले. पाणी रांजणातलं होतं, गार, आणि चवीला चांगलं. एवढ्या सगळ्यात मला आधी हेच झोंबलं, की इथे मी कशी आहे हे सुद्धा त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि या बाईला ती ज्योत्स्ना आवडत होती.

अनुप आला तेव्हा त्यानं मला पाहिलं, सायकल भिंतीला लावली आणि विचारलं, "बाबा बरे हायत ना?" मी म्हणाले, "बरे हायत. महादेवराव भेटले होते बाजारात." त्यानं पाय धुतले, आत गेला, पोळ्या आणि वांग्याची भाजी ताटात वाढून आणली, माझ्यासाठी आधी. झाडाचं एक लिंबू तोडलं, कापलं, फोड माझ्या ताटात ठेवली. पाहुण्याला वाढतात तसं त्यानं मला वाढलं, आणि तो या घरात किती सराईतपणे हलतो ते मी बघत राहिले. आमच्या घरी त्याला मिठाचा डबा सापडत नाही. "काहून केलं असं?" मी विचारलं. तो भाजीत पोळी फिरवत बसला. "खोटं नायी बोलत आता," तो म्हणाला. "तिथं आलो का बाबा, घर, सोयरे, कोनाचं काय, कोनाचं काय. मले जीव घाबरल्यासारखा होते. इथं सकाळी उठतो, झाडाले पानी टाकतो, हापिसात जातो. कोनी काई मांगत नायी." मी म्हणाले, "अन् मले?" तो म्हणाला, "तू तिथं होती म्हणून तं मले इथं राहता आलं, ज्योत्स्ना. हे मी इसरत नायी. तू नसती तं बाबाले घेऊन मीच बसलो असतो तिथं." हे तो आभार मानावेत तसं म्हणाला. मी ताट बाजूला सरकवलं. "मी दर साली इचारत होती, बदली होईन ना म्हणून," मी म्हणाले. "ते कायच्यासाठी इचारत होती मी?" "मले वाटलं, असंच इचारतं," अनुप म्हणाला. "बाकी तुले तिथं आवडतेच ना. तू कधी म्हटलं नायी, मले जाचं हाय म्हणून. बाबाही म्हणाले, हाय तेच बरं हाय." मग तो एकदम थांबला. "मामाजीले माहीत हाय?" मी विचारलं. तो ताटं उचलायला लागला. अंगणात गोवर्धननं पंप सुरू केला आणि पाणी वाफ्यांतून धावायला लागलं. मी हात धुतले. त्यानं स्टँडपर्यंत येतो म्हटलं, मी नको म्हटलं, आणि तो आला नाही.

परतीच्या गाडीत अनुपचा राग सोपा होता. त्याला मी सगळं बोलून टाकलं, मनातल्या मनात, अगदी वर्गात बोलतात तसं मुद्देसूद. मामाजींपाशी येऊन मात्र अडकत होते. आमच्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस तेच होतं. त्यांच्या पायांना तेल मी लावते, त्यांच्या दाढीचं पाणी मी तापवते, आणि क्लासवरून यायला उशीर झाला तर तेच जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. त्यांनी मला एकदा त्यांच्या आजीचं सांगितलं होतं. ते लहान असताना त्यांचं सगळं घर मजुरीला गावोगाव जायचं, जिथे वेचणी असेल तिथे, कोंबड्या आणि भांडी डोक्यावर. एका वर्षी आजीला चालवेना. तिला गावात शेजाऱ्यांपाशी ठेवलं, दाणे दिले, आलोच म्हणून सांगितलं. परत आले तेव्हा झोपडीत दुसरं कुणी राहत होतं. तिला कुठे पुरलं तेही नीट कळलं नाही. हे सांगताना मामाजी हसले होते, जुन्या गोष्टीला हसतात तसे. मला तेव्हा रडू आलं होतं आणि त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आता मला तो हात आठवला आणि मी तो झटकून टाकावा तशी सीटवर सरकून बसले.

घरी आले तेव्हा ऊन उतरायचं होतं. मामाजी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, सोलेभाताची त्यांना हौस. मी समोर बसले आणि शेंगा घेतल्या. "अनुपले भेटली," मी म्हणाले. त्यांचे हात चालत राहिले. "तुमाले माहीत होतं." मामाजींनी एक शेंग उघडली, त्यात दाणा नव्हता, ती टाकली. "माहीत काय," ते म्हणाले, "मीच म्हटलं त्याले." माझे हात थांबले. "पयल्या साली तो येतच होता. मले इचारलं, बाबा, येऊ का? मी म्हटलं, नोको येऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तो आला असता तं काय झालं असतं? दोन खोल्या. तुमी दोघं दुसरं घर पाह्यलं असतं, नायी तं तू गेली असती तुह्या त्या खोदकामावर. तो येत नायी तोवर तू जात नायी, हे मले समजत होतं. मंग त्याले बी गोडी लागली तिथली. मले भेव वाटे, पोरी. पोराचं काय, पोरगा खर्च देईन. पन मले तुह्याबिगर कोन हाय?" मी विचारलं, "मले सांगाचं होतं ना. मी थांबली असती." मामाजी म्हणाले, "थांबली असती का?" आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. मला हो म्हणता आलं नाही, आणि मला तेव्हाच कळलं की ते सगळ्यात वाईट होतं. मी थांबले असते की नाही, हे आता मला कधीच कळणार नव्हतं. दोघांनी मिळून ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, मामाजींनी गप्प राहून आणि अनुपनं हसून. मी सोले उचलून आत गेले, भात टाकला, आणि दोघं समोरासमोर बसून जेवलो. भात चांगला झाला होता. मामाजींनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

सकाळी मी पौर्णिमाला फोन केला आणि येते म्हणाले. ती म्हणाली, "सासऱ्यांचं?" मी म्हणाले, सोय आहे. मग मी मामाजींचं सामान बांधायला घेतलं. ते खाटेवर बसून बघत होते. त्यांचं धोतर, बंड्या, औषधांचा डबा, इंदूबाईंचा फोटो, रेडिओ. कुठे जायचं हे मी एकदाच सांगितलं आणि त्यांनी एकदाच ऐकलं. भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एकदा म्हणाले, "तिथं जिना नायी ना?" मी नाही म्हणाले. त्यांचा राग माझ्यातून गेला नव्हता, अजून गेलेला नाही, पण त्यांच्या बंडीची घडी घालताना माझे हात रोजच्यासारखेच चालत होते, आणि त्या हातांचा मला संताप आला. शनिवारी क्लासला सुट्टी घेतली. अनुपला फोन करून म्हणाले, तू येऊ नको, आम्हीच येतो.

अकोल्यात स्टँडवरून रिक्षा केली. मागे गाठोडी, मामाजींच्या मांडीवर रेडिओ. अंगणापाशी रिक्षा थांबली तसा अनुप दारातून बाहेर आला, वडिलांना पाहिलं, मग गाठोडी पाहिली, गुंडाळलेली गादी पाहिली. शकुन लांबून फुलांच्या टोपल्यांपाशी उभी राहून बघत होती. अनुप माझ्याजवळ आला आणि वडिलांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "किती दिवसासाठी?" माझं सगळं वय ज्या घरात गेलं तिथे मला सोडताना हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता, ना त्याला, ना मामाजींना, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी काही बोलायच्या आत रिक्षातून मामाजींचा आवाज आला. ते एक पाय खाली टेकवून, दुसरा उचलायची तयारी करत होते, आणि पोराकडे न बघता म्हणाले, "राहिले तेवढे." अनुपनं पुढे होऊन त्यांना काखेत धरलं आणि उतरवून घेतलं. मी गाठोडी ओट्यावर ठेवली, औषधं कोणती कधी द्यायची ते सांगितलं, आणि त्याच रिक्षात परत बसले.